स्कीला जाताना बॅक प्रोटेक्टर घ्यावा का?

प्रश्न असा आहे. म्युनिकमध्ये राहणारं मराठी कुटुंब. नवरा-बायको दोन हिवाळे स्की शिकले, आता निळ्या (सोप्या) उतारांवर आरामात आणि लाल (मध्यम कठीण) उतारांवर जपून उतरतात. मुलगी नऊ वर्षांची, ती आईबाबांची वाट न बघता पुढे पळते. नवऱ्याला पिस्टबाहेरच्या, म्हणजे स्कीसाठी दाबून आखलेल्या उतारांपलीकडच्या, ताज्या बर्फाची ओढ लागली आहे. दुकानदाराने तिघांनाही बॅक प्रोटेक्टर, म्हणजे पाठीवर बांधायची संरक्षक कवचं, घालून दाखवले आणि बेरीज साडेचारशे युरोंच्या पुढे गेली. बाई विचारतात, एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का? जोडीला दोन उपप्रश्न आहेत. लडाखच्या बाईक ट्रिपसाठी घेतलेला प्रोटेक्टर घरात पडून आहे, तो चालेल का? आणि पुण्याहून फेब्रुवारीत गुलमर्गला स्की शिकायला निघालेल्या ६६ वर्षांच्या सासऱ्यांना एक घेऊन द्यावा का?

मी हिवाळाभर ऑस्ट्रियातल्या तिरोलमध्ये स्की शिकवते, त्याआधी काही हंगाम गुलमर्गला शिकवत होते. दोन्हीकडे माणसं पडताना भरपूर पाहिली आहेत. आधी उत्तर देते, कारणं मागाहून. मुलीला घ्या. नवऱ्याला घ्या, पण त्याच्या यादीत आणखी तीन वस्तू याच्या वर आहेत. तुम्ही स्वतः यंदा घेतला नाहीत तरी काही बिघडत नाही. सासऱ्यांना नको, त्यांचे पैसे दुसरीकडे लावा. (आणि साडेचारशे युरोंना रुपयांत गुणू नका. मी अजून गुणते आणि दर वेळी पस्तावते.)

दुकानात सांगतात, "हा घातला की मणका सुरक्षित." हे अर्धंच खरं आहे, आणि कुठलं अर्धं ते कळलं की तुमचे बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

स्कीवर पाठीला इजा होते ती मुख्यतः दोन वाटांनी. पहिल्या वाटेत पाठीवर बाहेरून काहीतरी आदळतं: दगड, गोठून टणक झालेला बर्फाचा गोळा, कुणाच्या स्कीचं टोक, लिफ्टचा खांब. दुसऱ्या वाटेत माणूस ढुंगणावर किंवा ताठ पायांवर दाणकन आपटतो, तो जोर खालून वर कण्यात चढतो आणि नेमकं त्याच वेळी धड पुढे वाकलेलं असतं. मग मणक्याचा पुढचा भाग चेपतो, उभ्या पत्र्याच्या डब्यावर पाय पडावा तसा. छातीचे मणके संपून कमरेचे जिथे सुरू होतात तिथे हे सगळ्यात जास्त होतं, म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका. वरचे मणके बरगड्यांच्या पिंजऱ्यात बांधलेले असतात, खालचे मोकळे हलतात, आणि सगळा ताण त्या जोडावर येतो. डॉक्टरांकडे पोचणाऱ्या स्कीच्या मणका-फ्रॅक्चरमध्ये ही दुसरी वाट मोठी आहे, उड्या मारणाऱ्यांत तर फारच.

आता प्रोटेक्टर कुठे बसतो ते आठवा. पाठीवर, मागच्या बाजूला. ढुंगणाकडून वर चढणाऱ्या जोराच्या वाटेत तो येतच नाही. कमरेचा रुंद पट्टा घट्ट असेल तर धड थोडं कमी वाकतं, एवढाच काय तो हातभार.

माझ्या शेजारच्या गटातला एक गृहस्थ, चाळिशीचा, सगळं सामान नवंकोरं. पाठीवर त्या वर्षीचा सगळ्यात महागडा प्रोटेक्टर. शेवटच्या दुपारी पिस्टच्या कडेला पोरांनी बर्फ रचून केलेल्या छोट्या उंचवट्यावरून त्याने उडी घेतली. उंची म्हणाल तर टेबलापेक्षा थोडी जास्त. पण पलीकडे उतार नव्हता, सपाट आणि दुपारच्या सावलीत गोठलेला बर्फ होता. स्की पुढे निसटल्या आणि तो बसल्या जागी आपटला. कमरेचा पहिला मणका चेपला. प्रोटेक्टरवर ओरखडासुद्धा नव्हता. नशीब म्हणायचं ते एवढंच की मज्जारज्जूला धक्का लागला नाही, पण तीन महिने कमरेला पट्टा बांधून बसावं लागलं.

याच्या उलटही बघितलं आहे. दोन पिस्ट जिथे एकत्र येतात अशा जागी मी मुलांच्या रांगेला कडेकडेने घेऊन चालले होते. वरून एक मोठा माणूस वेग न आवरता आला आणि रांगेतल्या शेवटच्या मुलावर मागून आदळला. त्याच्या स्कीचं टोक पोराच्या उजव्या खांद्याखाली बसलं. जॅकेट टराटरा फाटलं, आतल्या कडक पट्टीवर वीतभर पांढरा चरा उठला, पट्टीचा कोपरा उडाला. पोरगा दहा मिनिटं रडला, मग गरम चॉकलेट प्यायला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. पाठीवर रुपयाएवढा निळा डाग, बाकी काही नाही. ते टोक थेट बरगड्यांवर बसतं तर काय झालं असतं याचा अंदाज करायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

म्हणून मी लोकांना विचारते, "तुमच्या पाठीवर मागून काय आदळण्याची शक्यता आहे?" ज्याचं उत्तर "काही विशेष नाही" असं असेल, त्याला घाई नाही.

आता लेबलावर काय छापलेलं असतं ते पाहू, दुकानात तेच दाखवून किंमत चढवतात. बहुतेक स्की-प्रोटेक्टरवर 'ईएन १६२१-२' असं मानक छापलेलं असतं आणि शेजारी छोटंसं चित्र. नीट बघा, ते चित्र मोटरसायकलस्वाराचं आहे. हे मानक मुळात बाइकवाल्यांसाठी बनलं. चाचणी अशी: प्रोटेक्टर एका ऐरणीवर ठेवतात आणि त्यावर ५ किलोचं वजन ५० जूल ऊर्जेने आदळवतात, म्हणजे साधारण एक मीटरवरून सोडल्यासारखं. खाली किती जोर पोचला ते मोजतात. सरासरी १८ किलोन्यूटनच्या आत राहिला तर लेव्हल १, आणि ९ किलोन्यूटनच्या आत राहिला तर लेव्हल २. म्हणजे लेव्हल २ निम्माच जोर आत जाऊ देतो. १८ किलोन्यूटन म्हणजे क्षणभरासाठी एक टन आठशे किलोंच्या वजनाइतका दाब. घेणारच असाल तर लेव्हल २ घ्या, किमतीतला फरक फार नसतो.

पण ५० जूल म्हणजे किती ते समजून घ्या. सत्तर किलोचा माणूस ताशी २० किलोमीटरने जात असेल तर त्याच्याजवळची गतिज ऊर्जा एक हजार जूलच्या थोडी वर जाते. ताशी ४० ला ती चार हजार तीनशेच्या आसपास, वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. लाल उतारावर ताशी ४० काही मोठी गोष्ट नाही, तुमचे यजमान नक्की करत असतील. अर्थात पडल्यावर ही सगळी ऊर्जा पाठीत जात नाही. माणूस घसरत जातो, बर्फ दबतो, बरीचशी ऊर्जा घर्षणात जिरते. पण वाटेत झाड किंवा खांब आला तर घसरणं तिथेच संपतं. तेव्हा हेल्मेट, प्रोटेक्टर, सगळंच अपुरं पडतं. हा थर छोट्या, टोकदार, एका जागी बसणाऱ्या माऱ्यासाठी आहे. तो मारा तो मोठ्या जागेवर पसरवतो आणि थोडा लांबवतो, आणि ते काम चोख करतो.

शर्यतवाले तर घालतातच की, असं दुकानदार म्हणेल. घालतात, खरं आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने त्यांच्या प्रोटेक्टरची जाडीसुद्धा ठरवून दिली आहे, जास्तीत जास्त ४५ मिलिमीटर. जाड प्रोटेक्टर हवा कापायला मदत करतो, म्हणून ही मर्यादा. आणि तो शर्यतीच्या सूटच्या आत घालावा लागतो. पण त्यांना तेवढ्यावर भागत नाही हे वर्षानुवर्षं दिसत होतं, म्हणून अंगात घालायची, पडताना आपोआप फुगणारी एअरबॅग आली. १९ डिसेंबर २०१५ ला इटलीतल्या वाल गार्डेनाच्या डाउनहिल शर्यतीत ऑस्ट्रियाचा माथियास मायर पडला, त्याची एअरबॅग फुगली, विश्वचषक शर्यतीत असं पहिल्यांदाच घडलं. तरी छातीचा सहावा आणि सातवा मणका मोडलाच. तो बरा होऊन परतला आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुपर-जी या वेगवान शर्यतीचं सुवर्णपदक घेऊन गेला. एअरबॅग नसती तर काय झालं असतं हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, पण महासंघाने बोध घेतला आणि २०२४-२५ च्या हंगामापासून विश्वचषकाच्या वेगवान शर्यतींत ती सक्तीची केली. ही मंडळी ताशी शंभराच्या पुढे जातात. त्यांच्याकडे बघून निळ्या उतारावरची खरेदी ठरवू नका.

स्कीवर सगळ्यात जास्त काय मोडतं? गुडघा. सगळ्या दुखापतींत तिसरा हिस्सा गुडघ्याचा असतो, आणि त्यात तो कुप्रसिद्ध फुलीसारखा अस्थिबंध (एसीएल), ज्याच्यापायी क्रिकेटपटूही वर्षभर बाहेर बसतात. त्याखालोखाल खांदा, डोकं, आणि स्टिक हातात असताना पडल्याने पिळला जाणारा अंगठा. पाठ या यादीत बरीच खाली आहे. तिची भीती जास्त वाटते ती परिणाम भयंकर असतो म्हणून, आणि ती भीती रास्त आहे. पण पैसा आणि लक्ष मर्यादित असेल तर क्रम महत्त्वाचा.

माझा क्रम सांगते. हेल्मेट, हा वादाचा विषयच नाही. इटलीने २०२५-२६ च्या हंगामापासून ते मोठ्यांनाही सक्तीचं केलं, मुलांना आधीपासूनच होतं. त्यानंतर बाइंडिंग, म्हणजे बुटाला स्कीवर धरून ठेवणारी पकड. बूट स्कीतून केव्हा सुटायचा हे त्यावरच्या आकड्यावर ठरतं आणि तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसे उतरता यावरून तक्त्यातून काढतात. भाड्याच्या दुकानात लोक वजन चार किलो कमी सांगतात, लाज वाटते म्हणून. आणि "मी एक्स्पर्ट" असंही सांगतात, तीही एक प्रकारची लाजच. पहिल्याने आकडा खाली जातो आणि बूट नको तिथे सुटतो. दुसऱ्याने वर जातो आणि पडल्यावर सुटत नाही, मग गुडघा जातो. नऊ वर्षांपर्यंतची मुलं आणि पन्नाशी ओलांडलेले यांच्यासाठी तक्ता आकडा एक पायरी खाली आणतो. तुमची मुलगी आणि तुमचे सासरे दोघंही यात बसतात, तेव्हा दुकानात दोघांची वयं आवर्जून सांगा.

बाइंडिंगनंतर शिकवणी. स्वतःचा धंदा म्हणून सांगते असं वाटेल, वाटू दे. दोन हिवाळे झालेला माणूस लाल उतारावर घाबरला की मागे झुकतो, पार्श्वभाग टाचांच्या मागे जातो, स्की पुढे पळतात आणि तो बसतो. दुसऱ्या वाटेची दुखापत हीच. मागे झुकायची सवय मोडण्यासाठी दोन दिवसांची शिकवणी पुरते आणि ती सवय मोडली की कमरेचा मणका जितका वाचतो तितका कुठल्याही प्रोटेक्टरने वाचत नाही. तुम्ही स्वतः यंदा प्रोटेक्टर घेतला नाहीत तरी चालेल असं मी म्हणते ते याच हिशेबाने. तुमच्या वाट्याचे दीडशे युरो घेऊन एखाद्या गुरुवारी म्युनिकजवळच्या ब्राउनेकला किंवा झुडेलफेल्डला प्रशिक्षक घ्या. मधल्या वारी गर्दी नसते.

गर्दीवरून आठवलं. ख्रिसमसच्या किंवा फाशिंगच्या (कार्निव्हलच्या) सुट्टीतच जाणार असाल तर हिशेब थोडा बदलतो. गर्दीच्या पिस्टवर मागून आदळणाऱ्यांची संख्या वाढते. नियम स्पष्ट आहे, पुढच्याला सांभाळायची जबाबदारी मागच्याची, पण पाठीला डोळे नसतात आणि मागच्याला कधीकधी अक्कल नसते. वर्षातून एकदाच, तेही नेमकं त्याच आठवड्यात जाणाऱ्यांनी घालायला हरकत नाही. काही दुकानांत भाड्याने मिळतो, विचारून बघा.

मुलीला घ्या म्हटलं त्याची कारणं यातूनच निघतात. ती छोटी आहे, वरून येणाऱ्याला उशिरा दिसते, आदळणारा तिच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा असतो. आणि ती पुढे पळते, म्हणजे तुम्ही तिच्या मागे ढाल बनून नसता. मुलांना अंगरख्यासारखा, पुढून चेनचा व्हेस्ट द्या. खांद्यावरून पट्टे असलेला प्रकार मुलं पहिल्या तासात सैल करतात आणि दुपारपर्यंत तो कमरेवर लोंबत असतो. "वाढत्या अंगाचा" म्हणून मोठा घेऊ नका. आपल्याकडे शाळेचा गणवेश तसा घेतात, हे तसं चालत नाही. मोठा प्रोटेक्टर वर सरकतो आणि हेल्मेटच्या मागच्या कडेला जाऊन टेकतो. मूल मागे पडलं की तो हेल्मेटला धक्का देतो आणि मान पुढे ढकलली जाते.

मोजायचं असं. मुलीला मान खाली घालायला सांगा. मानेच्या तळाशी एक हाड टोचून वर येतं, तो मानेचा सातवा मणका. तिथून कमरेच्या रेषेपर्यंत टेप धरा. लेबलावर खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते, ती त्या मापाला जुळायला हवी. लेबलावरची अक्षरंही बघा: 'एफबी' म्हणजे पूर्ण पाठ, 'सीबी' म्हणजे मधली पट्टी, 'एलबी' म्हणजे फक्त कंबर. स्कीला पूर्ण पाठ घ्या. मग दुकानातच हेल्मेट आणि जॅकेट घालून तीन गोष्टी करून बघा. गुडघ्यात वाकून स्कीची बैठक घ्यायची. वर छताकडे बघायचं. आणि स्टुलावर बसायचं, चेअरलिफ्टवर बसल्यासारखं. बसल्यावर खालची कड सीटला टेकून सगळा प्रोटेक्टर वर ढकलला जात असेल तर लांब आहे, परत द्या. कमरेचा पट्टा पोटावर नाही, नितंबाच्या हाडांच्या किंचित वर घट्ट बसायला हवा. प्रोटेक्टर जागेवर राहतो तो त्या पट्ट्याने, खांद्यांनी नाही.

कडक की मऊ? कडक म्हणजे एकमेकांवर सरकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि आत फोम. टोकदार गोष्टींना हा जास्त चांगला, स्कीची धार, दगडाचं टोक वगैरे. मऊ म्हणजे असा फोम की जो हळू दाबला तर वाकतो आणि झटका बसला की ताठ होतो. अंगाला छान बसतो, लोक रोज घालतात, आणि रोज घातला जातो हा मोठाच गुण. फक्त एक लक्षात ठेवा, असा फोम थंडीत कडक होतो. रात्रभर गाडीच्या डिकीत राहिलेला मऊ प्रोटेक्टर सकाळी पार्किंगमध्ये लाकडी फळीसारखा निघतो आणि अंगावर गरम व्हायला वेळ घेतो. रात्री तो खोलीत ठेवा. लेबलावर 'टी−' असेल तर तो उणे १० अंशांवरही तपासलेला आहे, स्कीसाठी हा शिक्का लेव्हलइतकाच कामाचा. आणि एकदा जोरदार मार बसला की कडक असो वा मऊ, बदला. आत फोम चिरडलेला असतो, वरून दिसत नाही.

आता बाइकचा प्रोटेक्टर. मानक तेच, तेव्हा तत्त्वतः चालतो. पण तुमच्याकडे कुठला आहे ते बघा. जॅकेटच्या खिशातून काढता येणारी नुसती फोमची चकती असेल तर निरुपयोगी, स्कीच्या जॅकेटमध्ये ती बसणार कुठे? स्वेटरच्या आत कोंबून काहीजण जातात, दुसऱ्या वळणाला ती काखेत पोचलेली असते. पट्ट्यांचा स्वतंत्र प्रोटेक्टर असेल तर घालून वरच्या तीन चाचण्या करा. बाइकवाला पुढे झुकून बसतो, त्याच्या पाठीचा बाक स्कीवाल्यापेक्षा वेगळा, त्यामुळे वरची कड हेल्मेटला लागते का हे विशेष बघा. लागत नसेल तर यजमानांचा खर्च वाचला.

कारण यजमानांना खर्च दुसरीकडे आहे. पिस्टबाहेर जायचं तर हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, या तीन वस्तू आधी. आणि त्या वापरायचा एक दिवसाचा कोर्स. त्यांच्याशिवाय पिस्टबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि बरोबर जाणाऱ्याकडे त्या नसतील तर त्याच्याबरोबरही जायचं नाही. हिमस्खलनात बॅक प्रोटेक्टर काहीही करत नाही. तरी त्यांना तो घ्या म्हणते, कारण हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी बर्फाचा थर पातळ असतो आणि खाली दगड, बुंधे, कुंपणाच्या तारा दडलेल्या असतात. ताज्या बर्फात माणूस पडतो तेव्हा बर्फ मऊ असतो, खालचा दगड मऊ नसतो. पहिल्या वाटेची दुखापत इथे खरोखर होते.

पाठीवरची पिशवी हीसुद्धा तपासण्यासारखी गोष्ट आहे. थर्मास, कॅमेरा, कुलूप असलं टणक सामान पाठीला लागून भरतात आणि मग त्यावरच पडतात. प्रोटेक्टर नसला तरी निदान टणक वस्तू बाहेरच्या बाजूला आणि जास्तीचं जॅकेट पाठीच्या बाजूला ठेवा. फावडं आणि प्रोबसाठी पिशवीत बाहेरच्या अंगाला वेगळा कप्पा असतो, तो त्याच कामासाठी वापरा. पाठीच्या बाजूला प्रोटेक्टर शिवलेल्या पिशव्याही मिळतात. पिस्टबाहेर नेहमी पिशवी घेऊनच जाणाऱ्याला एकात दोन कामं होतात. फक्त पिशवी काढून ठेवली की पाठ उघडी.

प्रोटेक्टर घातला की माणूस जास्त धीट होऊन जास्त पडतो, असंही म्हणतात. मोठ्यांच्या बाबतीत मला तसं फारसं दिसलेलं नाही. पंधरा-सोळाच्या मुलांत दिसतं, पण ती मुलं प्रोटेक्टरशिवायही तशीच असतात.

सासरे. ६६ व्या वर्षी स्की शिकायला निघालेल्या माणसाला आधी माझा नमस्कार सांगा. गुलमर्गला ते पहिले चार-पाच दिवस खालच्या सौम्य उतारावर असतील, वेग धावण्याइतकाही नसतो. मागून कोणी आदळलं तर तोही नवशिकाच. त्यांचा धोका दुसऱ्या वाटेचा आहे: घसरून मागे बसणं. या वयात हाडं ठिसूळ झालेली असली तर एवढ्यानेही मणका चेपतो आणि पाठीवरचं कवच तिथे उपयोगी पडत नाही. त्यांना निघण्याआधी पुण्यातच हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यायला सांगा. अहवाल वाईट आला तर स्की नको, गोंडोलात बसून कोंगडोरीला, पहिल्या टप्प्यापर्यंत, जावं, नून चहा प्यावा, अफरवतचा डोंगर खालून बघावा. चांगला आला तर खुशाल शिकावं आणि दोन गोष्टी घ्याव्यात. एक म्हणजे स्वतःच्या मापाचं नवं हेल्मेट. गुलमर्गला भाड्याने हेल्मेट मिळतात, पण कुठलं किती वेळा आपटलेलं आहे ते कळायला मार्ग नाही. दुसरी म्हणजे ढुंगणाला आणि माकडहाडाला गादी असलेली आतली अर्धी चड्डी. स्केटिंगच्या आणि स्नोबोर्डच्या सामानात मिळते, प्रोटेक्टरच्या निम्म्या किमतीत. मणका वाचवण्याची हमी ती देत नाही, पण माकडहाड दुखावलं तर पुढचे तीन आठवडे जेवायलाही उशीवर बसावं लागतं, ते टळतं. भाड्याच्या स्कीचं बाइंडिंग त्यांच्या वयाला आणि वजनाला लावलं आहे का हे प्रशिक्षकाला समोर उभं राहून तपासायला सांगावं. गुलमर्गचे प्रशिक्षक हे आनंदाने करतात, फक्त कोणी विचारत नाही. आणि पहिल्याच आठवड्यात अफरवतच्या वरच्या टप्प्यावर स्की घेऊन जायला कोणी चढवलं तर साफ नाही म्हणावं. ते ३,९०० मीटरच्या वर आहे, तिथले उतार आल्प्सच्या पिस्टसारखे दाबून सपाट केलेले नसतात आणि विरळ हवेत पाय लवकर थकतात. पडणारे बहुतेक थकलेलेच असतात.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही तरी सांगते. कोणी पाठीवर पडून "पाठ दुखते, पाय बधिर वाटतात" म्हणालं तर त्याला उठवून बसवू नका. प्रोटेक्टर आणि हेल्मेट काढू नका, मान सरळ राहू द्या. वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवा म्हणजे वरून येणारे वळतील, आणि ऑस्ट्रियात १४० ला, कुठेही युरोपात ११२ ला फोन लावा. पिस्टचं नाव आणि जवळच्या खांबावरचा नंबर सांगा. प्रोटेक्टर कापायचा की ठेवायचा ते पथकवाले ठरवतील.

खरेदीचा मुहूर्त म्हणाल तर मुलीचा आत्ताच घ्या, माप घेऊन, आणि तिला रंग तिचा तिला निवडू द्या, नाहीतर तो कपाटात राहील. यजमानांच्या लडाखवाल्याची चाचणी आज संध्याकाळी घरीच करा. नाही बसला तर मार्चअखेरपर्यंत थांबा, तेव्हा दुकानं हंगामाचा माल उतरवतात. तोवर त्यांनी पिस्टवर राहावं.